२५ टक्क्यांची भिंत

२०२० च्या जूनमध्ये बांबूच्या काडीवरचं आयातशुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के झालं. टाळेबंदी नसती तर मी सालेकसाच्या चौकात पेढे वाटले असते. त्याच्या आदल्या वर्षी, ३१ ऑगस्ट २०१९ ला, परदेशी अगरबत्तीची आयात खुल्या यादीतून काढून परवान्याखाली आणली गेली होती, तेव्हाच मी खूश झालो होतो. आता तर काडीवरही भिंत उभी राहिली. देशाचं हित त्यात दिसत होतंच, पण खरं सांगायचं तर माझा धंदाही दिसत होता. मी बचतगटांचे आणि छोट्या उद्योजकांचे प्रकल्प अहवाल लिहून देतो. यंत्राचं कोटेशन जोडायचं, नफ्यातोट्याचा तक्ता मांडायचा, फाइल घेऊन गोंदियाला जिल्हा उद्योग केंद्रात जायचं आणि मग बँकेच्या साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर बसायचं, हे माझं काम.

हिशेब सरळ वाटत होता. व्हिएतनाम आणि चीनची काडी महाग होणार. अगरबत्तीवाल्यांना देशी काडी लागणार. काडीला बांबू लागतो, आणि सालेकसाच्या जंगलात बांबू आहे. दरेकसाच्या घाटातून गाडी जाते तेव्हा खिडकीतूनही तो दिसतो. बांबू आहे, तो फोडणारे बुरड आहेत, रोवणी-कापणी सोडली तर रिकाम्या बसणाऱ्या बाया आहेत. मधला अडथळा परदेशी मालाचा, आणि तो सरकारने दूर केला. आता काय राहिलं?

या विश्वासाला चांगलं घराणंही होतं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात भाषण करून सांगितलं होतं की इंग्लंडचं खुल्या व्यापाराचं शास्त्र हिंदुस्थानाला जसंच्या तसं लागू होत नाही, इथे उद्योग उभे करायला सरकारने हात दिला पाहिजे. पैसा फंडाच्या पैशा-पैशातून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना निघाला. परदेशी कापडाच्या ट्रकसमोर बाबू गेनू आडवा झाला तो १२ डिसेंबर १९३० ला. जागतिक व्यापार खुला करायला निघालेल्या डंकेल प्रस्तावाच्या वर्षांत मी कॉलेजात होतो आणि या सगळ्या नावांवर भाषणं ठोकत होतो. माझे मामा शेतकरी संघटनेचे, बिल्ला लावून फिरणारे. संघटनेचे नेते शरद जोशी यांनी डंकेलला पाठिंबा दिला तेव्हा मी मामांशी बोलणं टाकलं होतं. मामा म्हणायचे, "भाचे, भिंत कोणाच्या बाजूने बांधतात ते आधी पहा जी." मी त्यांना व्यापाऱ्यांचे हस्तक म्हणायचो. (शरद जोशी गेले तेही १२ डिसेंबरलाच, २०१५ साली. योगायोग आहे, त्यातून काही काढायचं नाही. पण दर डिसेंबरला आठवतो.)

तर २०२० मध्ये खादी ग्रामोद्योग आयोगाचे आकडे मला तोंडपाठ झाले. देशाची अगरबत्तीची रोजची गरज १४९० टन, देशात तयार होते ७६० टन. कच्च्या अगरबत्तीची आयात २००९ मध्ये ३१ कोटी रुपयांची होती, ती २०१९ मध्ये ५४६ कोटींवर गेली. मधल्या काळात, २०११ मध्ये, शुल्क ३० टक्क्यांवरून १० वर उतरवलेलं. एवढे आकडे दिले की अहवालाची प्रस्तावना आपोआप व्हायची. आणि ते खोटे नव्हते. शुल्क उतरल्यावर देशातले कितीतरी छोटे कारखाने बसले हे खरंच आहे. आजही कोणी मला सांगितलं की खुल्या आयातीने कोणाचंच नुकसान होत नाही, तर मी भांडेन.

मात्र त्याच दशकात आणखी एक गोष्ट घडली होती, ती मी प्रस्तावनेत घालत नव्हतो. अगरबत्ती हाताने वळणं मागे पडून यंत्रं आली. पाटावर बसून वळणाऱ्या बाईला चौकोनी, खडबडीत काडीही चालते. ती तळहाताने मसाला बसवते, वाकडी काडी बोटाने सरळ करते. यंत्राला हे लाड चालत नाहीत. त्याला गोल, एकसारख्या जाडीची, एकाही गाठीची खूण नसलेली काडी लागते, नाहीतर ती नळीत अडकते आणि सगळं थांबतं. बाईचं दिवसाचं काम यंत्र तासाभरात करतं, म्हणून कारखानदार यंत्राकडे वळले, आणि यंत्राला हवी तशी काडी तेव्हा व्हिएतनामकडे होती. म्हणजे शुल्क उतरलं हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं की आपल्याकडे तशी काडीच फारशी होत नव्हती.

एका बचतगटाचं काम मी जवळून पाहिलं, कारण अहवाल माझाच होता. गावाचं नाव घेत नाही. जुन्या समाजमंदिराच्या बाजूला पत्र्याची शेड, त्यात यंत्र: पायाने चालवायचं नव्हे, विजेवरचं, स्वयंचलित. आयोगाच्या योजनेतला मजुरीचा हिशेब मी तसाच उचलला होता: दिवसाला ८० किलो कच्ची बत्ती, किलोमागे १५ रुपये, झाले १२०० रुपये, चार माणसांत प्रत्येकी ३००. २०२०-२१ मध्ये रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात २३८ रुपये होती, तेव्हा ३०० हा आकडा चांगलाच दिसत होता. पण ८० किलो निघायला वीज दिवसभर लागते. वीज गेली, दोन पोती काडी ओली निघाली, मसाला घट्ट झाला आणि ५० किलोवर गाडी थांबली की माणशी १८७ रुपये पडतात. पावसाळ्यात तर बत्ती वाळतच नाही. जुलैत शेडमध्ये दोऱ्या बांधून, खाली पंखा लावून बत्त्या वाळवायच्या, आणि रोवणीला मजुरी जास्त मिळते म्हणून बाया तिकडे गेलेल्या.

तेही चाललं असतं. मला खरं अडवलं ते एका बाईच्या प्रश्नाने. पोतं उसवत होती ती. काडीचं पोतं नागपूरच्या व्यापाऱ्याकडून आलेलं, त्यावर त्रिपुराचा छाप. भुकटीचं पोतं वेगळं; जिगत, म्हणजे मसाला काडीला धरून ठेवणारी सालीची पूड, तीही बाहेरची. कोळशाची पूड बाहेरची. ती म्हणाली, "भाऊ, काडी बाहेरून येते, भुकटी बाहेरून येते, बत्ती बनली की बाहेर जाते. मग आमच्या गावाचं यात काय आहे जी?" मी म्हटलं, मजुरी. ती म्हणाली, "मजुरी त बिडीतबी होती."

त्रिपुरा परदेश नाही. तिथली काडी चालली यात देशाचा फायदाच झाला, आणि शुल्कवाढ त्या अर्थाने फसली असं मी म्हणणार नाही. पण सीमेवर भिंत बांधली की तिच्या आतलं काम आपोआप सगळ्यांत गरीब तालुक्यात झिरपत येतं, हे मी जे धरून चाललो होतो ते तिथे तुटलं. भिंतीच्या आत ज्याच्याकडे बांबू, यंत्र आणि गिऱ्हाईक तिन्ही तयार, काम त्याच्याकडे जातं. त्रिपुराकडे काडीची जुनी सवय होती. आमच्याकडे यंत्राची शेड होती.

मग आमचा बांबू का नाही? हा प्रश्न घेऊन मी एका म्हाताऱ्या बुरड कारागिराकडे गेलो. तो सूप विणत होता. मांडीवर गोणपाट, हातात धारदार सुरी. ओल्या बांबूवरून त्याने सुरी अशी फिरवली की वरची हिरवी साल कागदासारखी सुटून आली; ती सुपाच्या दर्शनी बाजूला जाणार. खालचा जाड गाभा टोपलीच्या बुडाला, त्याच्याही आतलं मऊ ताटीला, आणि गाठी चुलीत. त्याच्याभोवती कचरा म्हणून काही उरलं नव्हतं. मी काडीचं यंत्र समजावून सांगितलं. त्याने विचारलं, बाकीच्या बांबूचं काय करतात? हा प्रश्न मी कधी कोणाला विचारला नव्हता.

उत्तर खादी आयोगाच्याच कागदांत होतं. काडीसाठी बांबूचा जेमतेम १६ टक्के भाग लागतो, ८४ टक्के वाया जातो. तेव्हा साधा बांबू टनाला ४ ते ५ हजार रुपयांना मिळत होता, तरी काडीसाठी कच्च्या मालाचा खर्च २५ ते ४० हजारांवर जायचा. चीनमध्ये बांबू मुळात महाग, टनाला ८ ते १० हजार. पण तिथे खर्च १२ ते १५ हजारांवर थांबायचा, कारण उरलेल्या बांबूचा कोळसा व्हायचा आणि तो विकला जायचा. ज्या दरीला दुप्पट-तिप्पट म्हणायचं, ती २५ टक्क्यांनी कशी बुजणार? आणि आपल्याकडे तो कोळसा करून परदेशात विकावा म्हटलं, तर बांबूच्या कोळशाच्या निर्यातीवर बंदी होती. ती उठली मे २०२२ मध्ये. म्हणजे एका हाताने परदेशी काडी अडवायची, आणि देशी काडी स्वस्त पडावी म्हणून जो माल बाहेर विकायला हवा, तो दुसऱ्या हाताने अडवायचा. दोन्ही गोष्टी देशी उद्योग वाचवण्याच्या नावाखाली.

जंगलातली भिंत तर याहून जुनी. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाड ठरला होता. शास्त्राने तो गवत आहे हे शाळेतल्या पोरालाही माहीत, पण स्वतःच्या शेताच्या बांधावरचा बांबू तोडून न्यायचा तर परवाना. ही व्याख्या बदलली २०१७ च्या नोव्हेंबरात, तीही फक्त जंगलाबाहेरच्या बांबूपुरती. जंगलातल्या बांबूसाठी बुरडाने कार्ड घेऊन वनखात्याच्या निस्तार डेपोत उभं राहायचं, आणि त्याच जंगलांतला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे वर्षानुवर्षं पट्ट्याने जायचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनउपज म्हणून ग्रामसभेला दिला, तरी मेंढा-लेखाला स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार मिळवायला २७ एप्रिल २०११ उजाडावं लागलं, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री गडचिरोलीच्या त्या गावात यावे लागले. २०११! त्याच वर्षी काडीवरचं शुल्क उतरलं. एकाच वर्षात व्हिएतनामच्या काडीला बंदर मोकळं झालं आणि मेंढ्याच्या बांबूला गावाबाहेरचा रस्ता. बाकीच्या गावांना तो रस्ताही नव्हता. मी मात्र इतकी वर्षं बंदराकडेच बोट दाखवत होतो.

त्या बाईचं बिडीबद्दलचं वाक्यही डोक्यातून जाईना. गोंदिया-भंडाऱ्याला संरक्षण म्हणजे काय हे शिकायला रानड्यांपर्यंत जायची गरज नाही, बिडी पुरेशी आहे. सिगारेटच्या मानाने बिडीवर कर कायम हलका ठेवला गेला, कारण लाखो हात त्यावर जगतात. वर्षाला २० लाखांपर्यंत हातबिड्या करणाऱ्याला उत्पादनशुल्क माफ होतं. हेतू वाईट नव्हता. पण त्या सवलतीमुळे मोठ्या कारखानदाराला काम लहान-लहान तुकड्यांत सट्टेदारांकडे, म्हणजे मधल्या ठेकेदारांकडे, वाटून देणं फायद्याचं झालं, आणि १९६६ चा बिडी कामगार कायदा कागदावर राहायला मदत झाली. माझ्या लहानपणी शेजारच्या घरी संध्याकाळी बिड्या मोजून घ्यायचे. सुपात ठेवलेल्या बिड्यांतून सट्टेदाराचा माणूस मूठभर उचलायचा, "छाट" म्हणायचा आणि बाजूला टाकायचा. छाटीचे पैसे नाहीत, आणि छाट परतही नाही. ती बिडी पुढे ओढली जायचीच की! पान मोजून दिलेलं, जर्दा तोलून दिलेला. कमी पडला तर मजुरीतून वजा. उद्योगाला सरकारने जे सांभाळलं ते सट्टेदाराच्या उंबऱ्यापर्यंत पोचत होतं, त्याच्या पुढे नाही. २०२५ च्या सप्टेंबरात बिडीवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आणायचं ठरलं आणि तेंदूपानावरचा १८ वरून ५ वर आला. त्यातले किती पैसे हजार बिड्यांच्या मजुरीत उतरतात, ते आमच्याकडच्या बायांना विचारून पाहा.

उलट तेंदूच्या बाबतीत जो फरक पडला तो शुल्काने नाही. गोंदिया आणि गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी वनहक्काच्या जोरावर तेंदूपत्ता स्वतः विकायला काढला. ठेकेदाराशी भाव ग्रामसभेने करायचा, फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात तिथे, पुडे ग्रामसभेने मोजायचे. सगळीकडे सुरळीत झालं असं नाही. ठेकेदारांनी पैसे थकवले, काही गावांत भांडणं लागली. पण पान कोणाचं, हा प्रश्न तिथे निकालात निघाला होता.

भिंत निर्यातीवरही बांधतात. धानाचं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांनी पाहिलं. २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली. त्या दिवसांत आमच्याकडे रोवणी चालू असते. बांध्यांत गुडघाभर चिखलात बाया उभ्या, आणि त्यांनी लावलेल्या पऱ्ह्यांचा तांदूळ बाहेर जाणार नाही हे दिल्लीत ठरलेलं. ऑगस्टच्या शेवटी उसन्या, म्हणजे धान उकडून काढलेल्या, तांदळावर २० टक्के निर्यातशुल्क लागलं. गोंदियाच्या गिरण्यांचा जीव उसन्यावर आहे. आधारभूत केंद्रावर धान विकणाऱ्याला फारसा फटका नाही, पण खाजगी व्यापाऱ्याला बारीक धान देणाऱ्याला भाव लगेच खाली आलेला दिसला. सप्टेंबर २०२४ मध्ये बंदी उठली, तीही आधी टनामागे ४९० डॉलरच्या किमान भावाची अट घालून. ती अट ऑक्टोबरात गेली. शहरातला तांदूळ महागू नये म्हणून बांधलेली ही भिंत होती, आणि तिचा खर्च बांधीत उभं राहणाऱ्याने दिला. मामा हेच सांगत होते. मामा आता नाहीत, नाहीतर त्यांच्यापुढे जाऊन बसलो असतो. ते जिंकल्यासारखे हसले असते, आणि ते मला आवडलं नसतं.

तरी मी मामांच्या बाजूला पूर्ण गेलो नाही. लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची यादी १९६७ मध्ये ४७ वस्तूंपासून सुरू झाली, वाढत वाढत ८०० च्या वर गेली, आणि शेवटच्या २० वस्तू एप्रिल २०१५ मध्ये मोकळ्या झाल्या. त्या वीसांत अगरबत्तीही होती. या यादीने खूप सुस्त कारखाने पोसले हे मान्य. पण ज्या दिवशी यादी संपली त्या दिवशी पाटावर बसणाऱ्या बाईला दुसरं काय दिलं, हे कोणी सांगितलं नाही. संरक्षण काढतानाही तो प्रश्न विचारावाच लागतो. माझं मन बदललं ते भिंत चांगली की वाईट याबद्दल नाही. भिंतीच्या आत जमिनीवर, जंगलावर, उरलेल्या ८४ टक्क्यांवर हक्क कोणाचा, हे ठरल्याशिवाय तिच्या उंचीबद्दल वाद घालण्यात मला रस राहिला नाही. माझे स्वदेशीवाले मित्र यावर म्हणतात की मी आता जंगलवाल्यांची भाषा बोलतो. असेल.

कामात फरक एवढाच पडला की अहवालाचा क्रम बदलला. यंत्राचं कोटेशन आता मागे जातं. आधी बांबू कुठला, ग्रामसभेचा ठराव आहे का, वाहतुकीचा कागद कोण देणार, काडी काढून उरलेल्याचं काय करणार: कोळसा, ताट्या, की नुसतं जळण. नफ्यातोट्याच्या तक्त्यात मी एक जादा रकाना घालतो: शुल्क २५ चं पुन्हा १० झालं तर. बँकेच्या साहेबांना तो रकाना आवडत नाही, कारण त्यात लाल आकडे दिसतात आणि फाइल अडते. अर्जदारांना तर त्याहून आवडत नाही. गोंदियात दुसरे अहवाल लिहिणारे आहेत, ते तो रकाना घालत नाहीत, आणि काही जण त्यांच्याकडे जातात. दिल्लीत एका अधिसूचनेने जे वाढलं ते दुसऱ्या अधिसूचनेने उतरू शकतं, हे मी त्यांना सांगतो. १० टक्क्यांवर जो धंदा हप्ता भरू शकत नाही, त्याची फाइल मी परत देतो. फी बुडते.